सँ-सिर्क-लापोपीला पायी जाता येते

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत नैर्ऋत्य फ्रान्समधील लॉट नदीच्या खोऱ्याविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. फ्रान्स म्हटले की पॅरिसच्या पुढे सहसा न सरकणाऱ्या आपल्या प्रवासलेखनात या खोऱ्याला पूर्ण पान मिळाले, याचा मनापासून आनंद झाला. तरीही दोन गोष्टींबाबत लिहिणे मला आवश्यक वाटते. नदीकाठच्या कड्यात कोरलेल्या शिल्पाच्या छायाचित्राखाली 'प्राचीन शिल्प' असे छापले आहे. ते प्राचीन नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सँ-सिर्क-लापोपी या गावासाठी दीड तास पुरेसा आहे, वाहनतळावर उतरावे, गल्ल्या पाहाव्यात, थोडी खरेदी करावी आणि पुढे निघावे, असा सल्ला लेखात दिला आहे. या गावापर्यंत पायी जाता येते, किंबहुना या संपूर्ण खोऱ्यातून गावोगाव पायी फिरता येते, याचा उल्लेख लेखात कोठेही आढळला नाही. मी आणि माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये फिझाक या शहरापासून सँ-सिर्कपर्यंत पाच दिवस चालत गेलो होतो. त्या अनुभवाच्या आधारे हे लिहीत आहे.

आधी शिल्पाविषयी. बुझिएस या खेड्यापासून थोडे पुढे गेले की लॉट नदीचा डावा काठ संपतो आणि चुनखडकाचा उभा कडा थेट पाण्यात उतरतो. या नदीतून एके काळी 'गाबार' नावाच्या सपाट बुडाच्या मालवाहू होड्या चालत. काओरची गडद लाल वाइन आणि वरच्या अंगाच्या देकाझविल परिसरातील कोळसा घेऊन त्या प्रवाहाबरोबर बोर्दोच्या दिशेने जात. परतताना मात्र त्यांना काठावरून दोराने ओढत प्रवाहाविरुद्ध वर आणावे लागे. ओढणाऱ्याला पाऊल टाकायला जागा नसेल तर होडी तेथेच अडणार. म्हणून १८४०च्या दशकात, नदीवर बंधारे आणि लॉक (होड्यांना खालच्या-वरच्या पातळीवर नेणारे दरवाजांचे हौद) बांधून जलवाहतूक सुधारण्याचे काम चालू असताना, या कड्याच्या पोटात अर्ध्या बोगद्यासारखी वाट खोदण्यात आली. आज त्या वाटेवर उभे राहिले की डाव्या हाताला हिरवट, संथ पाणी, उजव्या हाताला खडक आणि डोक्यावरही खडकच असतो. उंच माणसाला काही ठिकाणी नकळत मान झुकवावी लागते. खडक फोडताना उमटलेले तिरके घाव अजून बोटांना जाणवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोऱ्यात रेल्वे आली, होड्यांचा धंदा बसला आणि वाट रिकामी झाली. छायाचित्रातील शंखशिंपल्यांचे उठावशिल्प त्याच वाटेच्या भिंतीवर दानिएल मोनिए या शिल्पकाराने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात कोरले. ते सुंदर आहे, नदीच्या जागी शोभणारे आहे. परंतु ते पाहून प्राचीन काळाचा भास होणाऱ्या वाचकाला, ज्या वाटेवर उभे राहून ते पाहायचे ती वाट शिल्पापेक्षा सुमारे दीडशे वर्षांनी जुनी आहे आणि माणसांच्या पोटापाण्यासाठी खोदलेली आहे, हे कळायला हवे होते.

आता दीड तासाविषयी. बुझिएसपासून या वाटेने सँ-सिर्कपर्यंत चालत जायला साधारण तेवढाच वेळ लागतो. अंतर चार-पाच किलोमीटर आहे. बराचसा भाग नदीच्या पातळीवर सपाट असून शेवटी गावापर्यंतचा चढ आहे. सँ-सिर्क नदीपासून सुमारे शंभर मीटर उंचीवरच्या कड्यावर वसलेले आहे. खालून येणाऱ्याला आधी कड्यावरची तटबंदीसारखी भक्कम चर्चची इमारत दिसते, मग उतरत्या तपकिरी कौलांची घरे, आणि त्यांच्याही वर जुन्या गढ्यांचे अवशेष. लापोपी, गुर्दाँ आणि कार्दायाक अशा एकाहून अधिक सरंजामी घराण्यांनी या एकाच खडकावर आपापल्या गढ्या बांधल्या होत्या. नदीवरून काय जाते-येते यावर नजर ठेवायला यापेक्षा चांगली जागा या टापूत नव्हती. वाहनतळाकडून उतरणाऱ्याला गाव दिसते, पण ते तेथे का आहे हे दिसत नाही. खालून चढताना हे कोणी सांगावे लागत नाही.

गावातील गल्ल्यांच्या नावांत जुने धंदे अजून टिकून आहेत. एका गल्लीच्या नावात कातडी कमावणारे आहेत, दुसरीच्या नावात तांब्याची भांडी घडवणारे. सर्वांत प्रसिद्ध होते ते लाकूडकातारी. ते बॉक्स नावाच्या झुडपाच्या घट्ट, पिवळसर लाकडापासून दारूच्या पिंपांना बसवायच्या तोट्या कातत. घरांच्या तळमजल्यावरील रुंद कमानी त्यांच्याच दुकानांच्या आहेत. हेच झुडूप वाटेच्या दोन्ही अंगांना पाच दिवस आमच्या सोबतीला होते. अलीकडच्या वर्षांत एका पतंगाच्या अळ्यांनी त्याची मोठी हानी केली असून, कित्येक ठिकाणी नुसत्या करड्या काड्या उभ्या आहेत. ज्याने वाटेवर ते झुडूप पाहिले आहे, त्याला गावातील कातकामाच्या दुकानासमोर थांबावेसे वाटते. ज्याने पाहिलेले नाही, त्याच्यासाठी ती लाकडी तोटी म्हणजे एक शोभेची वस्तू.

सँ-सिर्कचा कायमचा रहिवास जेमतेम दोनशे माणसांचा आहे. कवी आंद्रे ब्रेताँ १९५० साली येथे आले, गावाच्या प्रेमात पडले आणि पुढे १९६६ साली निधन होईपर्यंत उन्हाळे येथेच घालवत राहिले. २०१२ साली दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात प्रेक्षकांनी हे फ्रेंचांचे सर्वांत आवडते गाव म्हणून निवडले. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गल्ल्यांत पाऊल ठेवायला जागा नसते आणि संध्याकाळी बसगाड्या गेल्या की गाव एकदम शांत होते. वाहनतळ, खरेदी आणि परत हा क्रम प्रत्येकानेच धरला तर या गावावर केवळ भार पडतो. तोच प्रवासी दोन दिवस खोऱ्यात चालला, एक रात्र एस्पान्याकला आणि एक रात्र मार्सियाकला राहिला, तर तोच पैसा आणि तीच वर्दळ पाच-सहा खेड्यांत विभागली जाते.

या खेड्यांना जोडणारी वाट सेले नदीच्या काठाने येते. सेले ही लॉटची उपनदी. ल पुई येथून निघून पिरेनीज पर्वताच्या पायथ्यापर्यंत जाणारा आणि पुढे स्पेनमधील सांतियागो दे कॉम्पोस्तेलाकडे नेणारा यात्रामार्ग जीआर ६५ म्हणून ओळखला जातो ('जीआर' म्हणजे लांब पल्ल्याची पायवाट). ल पुईचा बिशप गोदेस्काल्क इसवी सन ९५०-९५१ मध्ये कॉम्पोस्तेलाला जाऊन आला, इतकी या यात्रेची परंपरा जुनी आहे. फिझाक सोडल्यावर बेदुएर गावाजवळ या मार्गाला जीआर ६५१ हा फाटा फुटतो. मुख्य मार्ग पठारावरून काझार्ककडे जातो, आणि फाटा सेलेच्या अरुंद खोऱ्यात उतरून कॉर्न, एस्पान्याक, ब्राँग, मार्सियाक, सोलियाक, काब्रेरे अशी गावे घेत बुझिएसला लॉटला येऊन मिळतो. बहुतेक यात्रेकरू मुख्य मार्गाने जातात. त्यामुळे या फाट्यावर सकाळी निघाल्यापासून दुपारपर्यंत दोन-चार माणसेच भेटतात.

नदीकाठची वाट म्हटले की सपाट रस्ता डोळ्यांसमोर येतो; येथे तसे नाही. वाट दिवसातून एक-दोनदा खोऱ्यातून वर चढून 'कॉस' म्हटल्या जाणाऱ्या चुनखडकाच्या पठारावर जाते आणि पुन्हा खाली उतरते. खाली अक्रोडाची झाडे, मक्याची शेते, दाट सावली आणि पाणी आहे. वर मात्र ठेंगणे ओक, काटेरी जुनिपर, दगड आणि कोरडी हवा आहे, कारण पावसाचे पाणी चुनखडकाच्या भेगांतून थेट खाली निघून जाते. शेतातील दगड वेचून रचलेले गडगे मैलोगणती पसरलेले आहेत, आणि त्याच दगडांच्या, चुना किंवा माती न वापरता रचलेल्या गोल छपराच्या खोपटांना तेथे 'काझेल' किंवा 'गारियोत' म्हणतात. मेंढपाळ आणि शेतकरी त्यांचा आडोसा घेत. एका काझेलमध्ये आम्ही पावसाची सर टाळण्यासाठी अर्धा तास बसलो होतो. आत वाकून शिरावे लागते, पण शिरल्यावर नीट उभे राहता येते. एकावर एक थोडा पुढे सरकवत आणलेला दगडाचा प्रत्येक थर वर पाहिल्यावर मोजता येतो. बाहेर सर जोरात होती, आत एकही थेंब आला नाही.

एस्पान्याकचा जुना मठ, त्याचा लाकडी चौकटी आणि विटांचा घंटाघराचा मनोरा, आणि मार्सियाकच्या बेनेडिक्टाइन मठाचे छप्पर उडालेले दालन, ही दोन ठिकाणे मला सँ-सिर्कपेक्षाही अधिक आठवतात. मार्सियाकचा मठ एके काळी इतका प्रबळ होता की रोकामादूरच्या प्रख्यात तीर्थक्षेत्राच्या मालकीवरून त्याचा त्यूलच्या मठाशी दीर्घ वाद चालला. पुढे इंग्लंड आणि फ्रान्समधील शंभर वर्षांच्या युद्धात आणि नंतरच्या धर्मयुद्धांत मठाची नासधूस झाली. आता त्या उघड्या कमानींखाली गवत आहे आणि दालनाच्या टोकाला उरलेल्या भागात प्रार्थना चालते. ब्राँग आणि काब्रेरेला कड्यांच्या कपारींत भिंती घालून केलेले आश्रय दिसतात. लोक त्यांना 'इंग्रजांचे किल्ले' किंवा 'सैतानाचा किल्ला' म्हणतात.

काब्रेरेच्या वर पेश-मेर्लची गुहा आहे. लेखात तिचा एका ओळीत उल्लेख आहे. त्या ओळीत काही भर घालतो. १९२२ साली आंद्रे दाविद आणि आंरी द्युतर्त्र या दोन किशोरवयीन मुलांना आतील चित्रे सापडली. गावचे धर्मगुरू आमेदे लेमोझी हे स्वतः प्रागैतिहासिक संशोधनाचे अभ्यासक होते आणि त्यांच्यामुळेच या मुलांना गुहा शोधण्याची ओढ लागली होती. येथील ठिपकेवाल्या घोड्यांचे चित्र सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते. घोड्यांभोवती हाताचे ठसे आहेत. हात भिंतीवर टेकवून भोवती रंग फुंकला की उरते तशी रिकामी आकृती. मूळ चित्रे प्रत्यक्ष पाहता येतात अशा थोड्या गुहांपैकी ही एक आहे. हवा आणि ओलावा बिघडू नये म्हणून दिवसाला फक्त ७०० जणांना प्रवेश मिळतो. म्हणून आरक्षण आधी करावे. पायी येणाऱ्यांनी काब्रेरेला मुक्काम ठेवल्यास सकाळच्या पहिल्या गटात जाता येते.

आता ज्या कारणाने मी हे पत्र लिहायला बसलो त्याकडे येतो. माझी नोकरीची सर्व वर्षे जमीन मोजणीत गेली. पाणंद, शिवरस्ता, वहिवाटीची वाट हे शब्द मी रोज वापरले आहेत, आणि वाट कागदावर असते तेव्हाच जमिनीवर टिकते, हे मला माहीत आहे. त्यामुळे सेलेच्या खोऱ्यात चालताना गावांइतकेच माझे लक्ष वाटेकडे होते. फ्रान्समध्ये गावाच्या मालकीच्या ग्रामीण वाटा आहेत. १९८३ सालच्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यावर पदभ्रमणाच्या वाटांचा आराखडा तयार करण्याची जबाबदारी सोपवली. एखादी ग्रामीण वाट या आराखड्यात नोंदली गेली की ती विकून मार्गाची सलगता तोडता येत नाही. विकायचीच असेल तर ती वाट चालू ठेवावी लागते किंवा तिच्या बदल्यात योग्य पर्यायी वाट द्यावी लागते, अन्यथा तो व्यवहारच रद्दबातल ठरतो. जेथे वाट खाजगी जमिनीतून जाते तेथे मालकाशी करार केला जातो. कुंपणाच्या फाटकावर 'बंद करून जा' अशी पाटी असते आणि जाणारा-येणारा ते बंद करतो. मेंढ्या आत राहतात, वाट खुली राहते आणि दोघांचेही भागते.

या वाटांवर रंगाच्या खुणा करण्याचे काम फ्रेंच पदभ्रमण महासंघाचे हजारो स्वयंसेवक करतात. महासंघाची पूर्वसुरी असलेली समिती १९४७ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी लुआर नदीच्या काठी ऑर्लेआँ आणि बोजाँसी यांच्या दरम्यान पहिला जीआर टप्पा खुला झाला. म्हणजे या जाळ्याची सुरुवातच एका नदीच्या खोऱ्यातून झाली. आज देशभरात खुणा केलेल्या वाटांची लांबी १ लाख ८० हजार किलोमीटरहून अधिक आहे. लांब पल्ल्याच्या वाटेला पांढरा आणि लाल असे दोन आडवे पट्टे, प्रादेशिक वाटेला पिवळा आणि लाल, गावाभोवतीच्या छोट्या फेरीला नुसता पिवळा. वळायचे असेल तेथे पट्ट्यांखाली बाण आणि चुकीच्या दिशेला फुली.

ही फुली किती मोलाची असते ते ब्राँगच्या पुढे कळले. आम्ही बोलत चाललो होतो. रुंद गाडीवाट समोर सरळ जात होती म्हणून तिनेच पुढे गेलो. दोनशे पावले गेल्यावर पत्नी म्हणाली, "बराच वेळ पट्टे दिसले नाहीत." मागे फिरलो. तिठ्यावरच्या ओकच्या खोडावर पांढऱ्या-लाल पट्ट्यांची फुली होती आणि खऱ्या वाटेचे पट्टे तीन पावलांवर, गडग्याच्या एका दगडावर होते. रंग ताजा होता, कडा रेघ मारल्यासारख्या सरळ होत्या, आणि पट्ट्यांवर येणारी फांदी नेमकी कापलेली होती. कोणी तरी त्याच वर्षी डबा, कुंचला आणि कात्री घेऊन तेथपर्यंत चालत आले होते. आम्हाला ते कोण हे कधीच कळणार नाही. युनेस्कोने १९९८ साली फ्रान्समधील कॉम्पोस्तेला मार्गांना जागतिक वारशात स्थान दिले तेव्हा ७१ वास्तूंबरोबर वाटेचे ७ टप्पेही यादीत घेतले. त्यांतील फेसेल ते काझार्क आणि बाक ते काओर हे टप्पे याच परिसरात आहेत. यादीतील वास्तूंमध्ये काओरचा तीन मनोऱ्यांचा वालांत्रे पूल आहे, त्याचे छायाचित्र आपल्या लेखात आहेच. पायाखालची वाटही तितक्याच तोलामोलाचा वारसा मानली गेली आहे, एवढे मात्र लेखातून वाचकांपर्यंत पोहोचले नाही.

ज्यांना हे करून पाहावेसे वाटेल त्यांच्यासाठी थोडी उपयोगाची माहिती देतो. पॅरिसहून काओरला थेट रेल्वे आहे, आणि काओर-फिझाक बस लॉटच्या काठाने जाते. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने चांगले. उन्हाळ्यात पठारावर पाणी मिळत नाही आणि ऊन भाजून काढते. गावातील दफनभूमीत बहुधा नळ असतो व पायी जाणारे तेथे बाटल्या भरून घेतात. पाणी पिण्यायोग्य नसल्याची पाटी तेवढी पाहून घ्यावी. मुक्कामासाठी 'झीत' म्हणतात ती साधी घरे आहेत. दारात बूट काढून मांडणीवर ठेवायचे, ढेकणांच्या भीतीने पाठपिशवी बहुतेक ठिकाणी झोपण्याच्या खोलीत नेऊ देत नाहीत, आणि रात्री सर्वांनी एकाच लांब टेबलावर जेवायचे. जेवणात बदक किंवा कोकराचे मांस हमखास असते. आम्ही शाकाहारी असल्याचे आरक्षण करतानाच कळवले होते आणि मासेही चालत नाहीत हे वेगळे लिहिले होते. त्यामुळे सूप, मसुरीची उसळ म्हणावी असा पदार्थ, आमलेट (अंडी आम्हाला चालतात), अक्रोड घातलेले सॅलड आणि बकरीच्या दुधाचे छोटे गोल चीज असे जेवण पाचही रात्री मिळाले. ज्यांना पाठीवर ओझे झेपत नाही त्यांच्या पिशव्या पुढच्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या गाड्या या मार्गावर मिळतात. आमच्या टेबलावर सत्तरी ओलांडलेली मंडळी होती आणि ती आमच्या आधी पोहोचलेली होती. पावसानंतर चुनखडक निसरडा होतो, गवतात गोचिडी असतात, आणि शरद ऋतूत शिकारीचा हंगाम सुरू होतो. या तीन बाबतींत मात्र सावध राहावे.

सर्वांनाच पाच दिवस देता येणार नाहीत, याची मला जाणीव आहे. सहलीबरोबर जाणाऱ्यांचा वेळ बांधलेला असतो. म्हणूनच एक सूचना करतो. आपले कितीतरी वाचक सहल कंपन्यांबरोबर फ्रान्सला जातात आणि त्या कंपन्यांचे संचालकही आपला अंक वाचतात. बस थेट सँ-सिर्कच्या वाहनतळावर नेण्याऐवजी चालू शकणाऱ्या प्रवाशांना बुझिएसला उतरवावे, त्यांनी कड्यातील वाटेने नदीकाठाने गावापर्यंत यावे, आणि बसने वरच्या वाहनतळावर थांबावे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांना बसनेच वर जाता येईल. त्यासाठी लागणारा जादा वेळ दीड तास आहे.

छायाचित्राखालील ओळ पुढील अंकात दुरुस्त करावी, आणि लेखाच्या संकेतस्थळावरील आवृत्तीत बुझिएसपासूनची वाट व जीआर ६५१ हा मार्ग यांचा उल्लेख करावा, ही विनंती. आमच्याकडे त्या वाटेची छायाचित्रे आहेत. उपयोगी पडणार असतील तर आनंदाने पाठवू.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
नाशिक